गेलेलीचं गाव, राहिलेलीचं गाव

लहानपणी सोडलेल्या गावी मोठेपणी परत जाण्याची गोष्ट आपल्याकडे फार आवडीनं वाचली जाते. लिहिणारेही आवडीनं लिहितात. जुना वाडा शोधायला जावं तर तिथं तीन मजली इमारत उभी असते. दारातली चिंच तोडलेली असते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा मुलगा ओळख देत नाही. लेखकाचे डोळे भरतात आणि वाचता वाचता आपलेही. बायकांचे तर जास्तच, कारण लग्न झालेल्या प्रत्येकीनं एक गाव मागं टाकलेलं असतंच.

पण असं पुस्तक मिटलं की माझ्या मनात एक प्रश्न उरतो. ही निघून गेली तेव्हा ज्या तिथंच राहिल्या, त्यांचं पुढं काय झालं? त्या या पुस्तकात आहेत का? असल्या तर नुसत्या दिसतात, की बोलतातही? गाव सोडून गेलेल्याच्या हाती लेखणी येते, राहिलेल्यांच्या वाट्याला वर्णन येतं. वाड्याचं वर्णन, झाडाचं वर्णन, तसंच चुलीपुढच्या काकूचंही वर्णन. काकूला काय म्हणायचं होतं ते कुणी विचारत नाही.

हाच गज हातात घेऊन मी मीना अलेक्झांडर यांची दोन पुस्तकं वाचली. त्यातली कादंबरी हैदराबादवर आहे, म्हणून मी ती आधी उचलली होती. हैदराबादशी माझं नातं आहे.

मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना हे नातं वेगळं सांगायला नको. १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आपली राजधानी होती. कोर्टाचं काम, मोठं शिक्षण, मोठी खरेदी, सगळं तिथंच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत संस्थानाचे तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्रात गेलं. हैदराबादमधली मराठी कुटुंबं मात्र होती तिथंच राहिली. विवेकवर्धिनी शाळा राहिली, सुलतान बाजार, काचीगुडा भागातली मराठी घरं राहिली. त्यातलं एक आमचं. बेगम बाजारात अण्णांचं कापडाचं दुकान होतं. मी सात वर्षांची असताना ते बंद करून आम्ही लातूरला आलो. पुढं तीस वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि मी पुन्हा हैदराबादला राहायला गेले.

परत गेल्यावर मला ओळखीचं काय सापडलं म्हणाल, तर एक शब्द. भाजीवाली पिशवीत जास्तीची मिरची टाकायला लागली, मी हात पुढं केला, तर तीच हसून म्हणाली, "नक्को?" दखनी बोलीतलं हे 'नक्को' आपल्या 'नको'वरूनच आलेलं आहे. आम्ही शहर सोडून गेलो, पण आमच्या भाषेतला शब्द तिच्या तोंडात राहिला होता. ती मुसलमान होती, मराठी तिला येत नव्हती. राहिलेल्यांकडे आपलं किती काय असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

परतीच्या गोष्टी म्हटलं की हैदराबादपुरता एक चित्रपट पहिल्यांदा आठवतो. नागेश कुकुनूर यांचा १९९८ सालचा 'हैदराबाद ब्लूज'. कुकुनूर मूळचे हैदराबादचेच. अमेरिकेत इंजिनिअर म्हणून काम केलं, तिथं साठवलेले पैसे घालून हा चित्रपट काढला आणि नायकही स्वतःच झाले. बारा वर्षं अमेरिकेत राहिलेला वरुण सुट्टीवर घरी येतो. घरच्यांना त्याच्या लग्नाची घाई असते, त्याला इथलं सगळंच विचित्र वाटतं. मग अश्विनी नावाची डॉक्टर भेटते. चित्रपट गमतीचा आहे. अश्विनी वरुणला तोडीस तोड उत्तरं देते, म्हणून मला तो आवडतोही. पण सगळं शहर जणू वरुणची परीक्षा घ्यायला आणि वरुण शहराची परीक्षा घ्यायला बसलेला आहे. पेच एवढाच की मुलगा आता इथं बसेल की नाही. मुलगा परत आला की घर त्याच्याभोवती फिरतं, हे आपण सणावाराला पाहतोच. मुलगी परत आली तर काय होतं, हे पाहायला 'नामपल्ली रोड'कडे यावं लागतं.

मीना अलेक्झांडर यांचा जन्म १९५१ चा, अलाहाबादचा. घराणं केरळातलं, सीरियन ख्रिश्चन. वडील हवामान खात्यात होते. त्यांना सुदानला पाठवलं गेलं आणि पाच वर्षांची मीना बोटीतून आफ्रिकेला निघाली. बोटीवरच तिचा पाचवा वाढदिवस झाला. पुढचं बालपण खार्टूम आणि सुट्टीतलं केरळ यांच्यामध्ये हेलपाटे घालण्यात गेलं. वयाच्या तेराव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश, मग इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीएच.डी. बाविशीत त्या भारतात परतल्या. दिल्लीत शिकवलं, मग हैदराबादला आल्या. तिथंच लग्न ठरलं आणि १९७९ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या. म्हणजे पाचव्या वर्षी सोडलेल्या देशात त्या मोठ्या होऊन आल्या, ते ज्या शहरात त्यांचं काहीच जुनं नव्हतं अशा शहरात. वाडा नाही, चिंच नाही, ओळखीचा दुकानदार नाही. मला वाटतं, कादंबरीला याचाच फायदा झाला. आठवणी काढायची सोयच नसल्यामुळं समोर जे आहे तेच पाहावं लागलं.

'नामपल्ली रोड' १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. हैदराबादचं नामपल्ली स्टेशन आपल्याला माहीत आहे. त्या स्टेशनाकडून जाणारा हा गर्दीचा रस्ता. कादंबरीची नायिका मीरा इंग्लंडमध्ये शिकून आलेली आहे. या रस्त्यावरच्या कॉलेजात ती इंग्रजी साहित्य शिकवते आणि कविता लिहू पाहते. राहते दुर्गाबाईंच्या घरी. दुर्गाबाई बायकांच्या डॉक्टर आहेत. मीरा त्यांना 'लिटल मदर' म्हणते. मराठी अनुवाद करायचा झाला तर मी सरळ 'मावशी' म्हणेन. रामू नावाचा मित्र आहे, तो चळवळीतला. मीरा परत आली आहे ती एका इच्छेनं. या देशात आपण कोण, ते लिहून शोधावं. पण ती लिहायला बसते आणि ओळी जमत नाहीत, कारण खिडकीबाहेर काहीतरी घडत असतं. संत्री विकणारे मोर्चा काढतात, पोलीस त्यांच्यावर तुटून पडतात. आणि मग बातमी येते की रमीझा नावाच्या बाईवर पोलीस चौकीत अत्याचार झाला आणि तिच्या नवऱ्याला मारून टाकलं. लोक चवताळतात, चौकी पेटते.

ही गोष्ट कल्पनेतली नाही. मार्च १९७८ मध्ये रात्रीचा सिनेमा पाहून नवऱ्याबरोबर परतणाऱ्या रमीझाबीला नल्लाकुंटा पोलीस ठाण्यात नेण्यात आलं होतं. नवरा सायकलरिक्षा ओढणारा. तो मारहाणीत गेला. लोक त्याचा मृतदेह घेऊन ठाण्यावर चालून आले, गोळीबार झाला, शहरात कर्फ्यू लागला. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या आयोगानं पोलिसांना दोषी धरलं. आयोगापुढं त्या बाईला वाईट चालीची ठरवण्याचा प्रयत्न झाला तो वेगळाच. मग खटला कर्नाटकातल्या रायचूरला हलवला गेला आणि तिथं आरोपी पोलीस निर्दोष सुटले.

मला तो कर्फ्यू आठवतो. म्हणजे काय आठवतं, तर शाळेला सुट्टी, दुकान बंद आणि अण्णा दिवसभर घरात. आम्ही मुलांनी माडीवर भरपूर खेळून घेतलं. आई आणि शेजारच्या काकू दबक्या आवाजात काही बोलायच्या आणि आम्ही गेलो की गप्प व्हायच्या. नंतर कुणी काही सांगितलं नाही. आम्ही शहर सोडलं तेव्हा माझ्याबरोबर आली ती सुट्टीची आठवण. तिच्यामागं एक बाई होती, हे मला परदेशात छापलेल्या इंग्रजी कादंबरीतून कळलं. तोवर वयाची चाळिशी जवळ आली होती. बालपणाच्या आठवणी गोड असतात त्याचं एक कारण हेही आहे की मोठ्या बायका आपल्यासमोर गप्प बसलेल्या असतात.

रमीझाबीची गोष्ट महाराष्ट्रातल्या बायकांना परकी वाटू नये. १९७२ साली आपल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. मथुरा आणि रमीझाबी, दोघी गरीब, दोघी ठाण्यात नेलेल्या आणि दोघींच्याच चारित्र्याची चौकशी झालेली. 'नामपल्ली रोड' वाचताना मला मथुरा सतत आठवत होती.

आता कादंबरीबद्दल. ती मोठी आहे का? पानांनी नाही, छोटीशीच आहे. उणिवाही आहेत. मुख्यमंत्र्याचं नाव लिम्का गौडा. थंड पेयाचं नाव देऊन लेखिकेनं त्याची टिंगल केली आहे आणि तो शेवटपर्यंत टिंगलीतलाच राहतो. सत्ता अशी बावळट नसते. ती शांतपणे कागदावर सही करते, म्हणून तर तिचं भय वाटतं. रामूही मला अर्धा वाटला. तो बोलतो त्यात भाषणाचा भाग जास्त.

पण खरी उणीव ती नव्हे. ज्या बाईमुळं सगळं शहर पेटतं ती रमीझा कादंबरीत जवळजवळ बोलतच नाही. शेवटी ती दुर्गाबाईंच्या घरी आसऱ्याला येते. तिच्या तोंडाला जखम आहे, ती हळूहळू भरत असते, आणि तिथं कादंबरी संपते. काही जण म्हणतील, हीच तर सूचकता. जखम भरेल, मग ती बोलेल. मला हे पटतं आणि पटतही नाही. पटतं ते अशासाठी, की लेखिकेनं तिच्या तोंडी उसनी वाक्यं घातली नाहीत. इंग्लंडहून शिकून आलेल्या प्राध्यापिकेनं रिक्षावाल्याच्या बायकोचं मन आपल्याला कळलं असं सांगितलं असतं, तर ते खोटं झालं असतं. पटत नाही ते अशासाठी, की रमीझा बोलायच्या आत पुस्तक संपतं आणि बोलायचं काम पुन्हा मीराकडेच राहतं. मीराला परत आल्याचं सार्थक वाटावं म्हणून रमीझाच्या दुःखाचा उपयोग होतो की काय, अशी शंका मनातून जात नाही.

या शंकेला उत्तर कादंबरीतच एका जागी आहे, आणि ते म्हणजे दुर्गाबाई. परतीच्या गोष्टीत अशी बाई मी क्वचित पाहिली. त्या कुठं गेल्या नाहीत, म्हणून त्यांना परत येण्याचाही प्रश्न नाही. सकाळी दवाखाना उघडायचा, रांगेतल्या बायका तपासायच्या. देशात आपण कोण, हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण दारात पोट दुखणारी कुणीतरी उभी असते. मीराला शहर कळतं ते तिच्या स्वतःच्या भटकण्यातून कमी आणि या घरातून जास्त. राहिलेल्या बाईचं घर हेच परतलेलीचं गाव होतं. मला विचाराल तर कादंबरीची नायिका दुर्गाबाईच आहेत.

दुसरं पुस्तक 'फॉल्ट लाइन्स', मीना अलेक्झांडर यांचं आत्मकथन. पहिली आवृत्ती १९९३ ची. त्यात केरळातल्या तिरुवल्लाचं आजोळ आहे. बाग, विहीर, आंबे आणि नातीवर माया करणारे, तिला पुस्तकांची गोडी लावणारे आजोबा. वाचणाऱ्याला आपलं आजोळ आठवावं असंच ते सगळं आहे. दहा वर्षांनी, २००३ साली, त्यांनी त्याच पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती काढली. जुना मजकूर तसाच ठेवला आणि पुढं नवा भाग जोडला. त्यात त्यांनी लिहिलं की याच आजोबांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार केला होता. मनानं ते झाकून ठेवलं होतं आणि पहिलं पुस्तक लिहिताना ते वर आलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, हे वाचल्यावर मी पहिली आवृत्ती पुन्हा काढली. तीच विहीर, तेच आंबे. एक ओळ बदललेली नाही, पण प्रत्येक ओळीचा रंग बदललेला. परतीच्या साहित्यावर यापेक्षा मोठी टीका कुणी केली असेल असं मला वाटत नाही, आणि ती लेखिकेनं स्वतःच्याच पुस्तकावर केली आहे. तिला पहिलं पुस्तक मागं घेता आलं असतं, गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. गोड आठवण खोटी नव्हती, ती अपुरी होती.

इथं मला आपल्या पाठातले दोन शब्द आठवतात. आलोचना आणि प्रतिक्रमण. आपण ते इतक्या सवयीनं म्हणतो की अर्थाकडं लक्ष जात नाही. प्रतिक्रमण म्हणजे मागं फिरणं, परत येणं. पण ते परत येणं गोड वाटावं म्हणून नसतं. जिथून चाललो त्या वाटेवर काय काय घडलं, ते एक एक करून पाहायचं असतं. आणि आधी आलोचना. हिंदीत तर या शब्दाचा अर्थच समीक्षा असा आहे. पाहिल्याशिवाय परतणं नाही, असं आपली परंपराच सांगते. मग गावच्या आठवणी लिहिताना तेवढा नियम आपण का सोडतो?

हे मी परक्यांबद्दल बोलत नाही. आपल्या समाजाच्या स्मरणिका दरवर्षी निघतात. त्यात 'माझं माहेर', 'आमचा वाडा' असे लेख असतात. मी ते आवडीनं वाचते. पर्युषणातली गडबड, उन्हाळ्यातले पापड, दिवे लागायच्या आत पंगत उठवायची धांदल, सगळं येतं. पण तो स्वयंपाक रोज करणारी बालविधवा आत्या एका वाक्यात येते, 'आत्याच्या हाताला चव होती' एवढ्यापुरती. तिच्या वाटणीचं पुढं काय झालं? तिला शिकायचं होतं का? घर सोडून जाणाऱ्या भाच्यांकडं पाहून तिला काय वाटलं? लिहिणारीला ठाऊक असतं, निदान अंदाज असतो. पण लेख गोड राहावा म्हणून ते बाहेर ठेवलं जातं. घरातल्या एखाद्या माणसाची मुलींना भीती वाटायची, हेही बाहेर ठेवलं जातं. मग आपल्या नाती मोठ्या होतात आणि त्यांना फक्त पापड मिळतात.

राहिलेल्यांना बोलतं करता येतं, हेही हैदराबादनंच दाखवलं आहे. तिथल्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या बायकांकडे गेल्या, त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याचं तेलुगू पुस्तक १९८६ साली आलं, मग १९८९ मध्ये इंग्रजीत 'वुई वेअर मेकिंग हिस्टरी' निघालं. त्याच १९८९ साली मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. दोन्हीकडं लिहिणारीनं स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी बाजूला ठेवलं आणि समोरचीला पुरेसा वेळ दिला. 'नामपल्ली रोड' जिथं थांबते, तिथून पुढचं काम या बायकांनी केलं.

म्हणून माझं मत असं. 'हैदराबाद ब्लूज' पाहा, हसायला येईल. 'नामपल्ली रोड' वाचा, त्यातल्या दुर्गाबाईंसाठी आणि रमीझाच्या न बोललेल्या शब्दांसाठी. 'फॉल्ट लाइन्स' मात्र २००३ चीच आवृत्ती मिळवून वाचा, आणि सलग वाचा. आणि यंदाच्या स्मरणिकेसाठी कुणी माहेरावर लिहिणार असेल तर लिहायच्या आधी एक फेरी मारून या. वाडा असेल नसेल. पण तिथं राहिलेली एखादी आत्या, एखादी काकू, कामाला येणारी एखादी म्हातारी अजून असेल. तिच्याजवळ दोन दुपारी बसा. वही नेली तरी चालेल, पण आधी तिला चहा तुम्ही करून द्या.